देवरे मॅडमचं 'कशावरून'

आमच्या स्टाफरूममध्ये 'आज उकाडा फार आहे' असं सहज म्हणायची सोय नाही. म्हटलं की कोपऱ्यातल्या टेबलावरून प्रश्न येतो, "कशावरून?" आणि पाठोपाठ देवरे मॅडमच्या पर्समधून थर्मामीटर बाहेर निघतो. कालपेक्षा पारा खाली असेल तर तुम्ही खोटे पडता आणि घाम पुसत बसता.

मॅडम प्राणिशास्त्र शिकवतात. मी मराठी शिकवतो. आमची टेबलं शेजारी आहेत हा माझ्या पत्रिकेतला दोष. त्यांच्या कपाटात बरण्या असतात आणि बरण्यांत धान्य खाणारे किडे असतात, जिवंत. एकदा आमच्या शिपायाने साखर संपली म्हणून कपाटातली दुसरी बरणी उघडली होती. तेव्हापासून स्टाफरूममध्ये बरेच जण बिनसाखरेचा चहा पितात आणि डॉक्टरांनी सांगितलं असं सांगतात.

मॅडम मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी बोलणं शहरी, पण आनंद अनावर झाला की अहिराणीत "हाई खरं शे!" असं तोंडातून निसटतं. ते वर्षातून एखाद्या वेळीच ऐकू येतं. 'कशावरून' मात्र दिवसभर. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "जोडा अगदी लक्ष्मीनारायणाचा!" मॅडमनी हातातला जिलबीचा तुकडा खाली ठेवून विचारलं, "कशावरून? तुम्ही पाहिलंय त्यांना?" 'नाशिकची एक नंबर मिसळ' अशी पाटी लावणाऱ्या हॉटेलवाल्यालाही त्यांनी हाच प्रश्न केला होता. तो हसून म्हणाला, "तुम्हीच ठरवा, मॅडम." चूक केली बिचाऱ्याने. त्यानंतरचे काही रविवार मॅडम विद्यार्थ्यांची फौज घेऊन गावभर मिसळ खात हिंडल्या. निष्कर्ष असा निघाला, की रस्सा ज्याचा त्याचा वेगळा, पाव मात्र सगळीकडे सारखाच.

कॉलेजातलं विद्यार्थ्यांचं संशोधनही या एका शब्दातूनच सुरू झालं. प्राचार्य एका बैठकीत म्हणाले, "संशोधन हे पुढचं काम. बीएस्सीच्या पोरांना ते झेपायचं नाही."

"कशावरून, सर? आपण देऊन पाहिलंय का कधी?"

प्राचार्यांनी वाद टाळण्यासाठी जिन्याखालची अडगळीची खोली देऊन टाकली. मॅडमनी ती झाडून घेतली. आता दर शनिवारी तिथे पोरं जमतात, आणि वर्षाच्या शेवटी हॉलमध्ये संशोधन मेळा भरतो. मेळ्याला पुण्या-मुंबईहून शास्त्रज्ञ येतात. ज्याचं काम आवडेल त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या प्रयोगशाळेत शिकायला नेतात. राहणं, खाणं, सगळं त्यांच्याकडे. म्हणून मेळ्याच्या आधी पोरांची झोप उडालेली असते.

गेल्या मेळ्यात सगळ्यात जास्त झोप उडाली होती ती सुनंदा गावितची. सुनंदा सुरगाण्याकडची, दुसऱ्या वर्षाला. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, हाक मारली तर आधी दचकणारी. तिच्या घरची माणसं दरवर्षी उन्हाळ्यात कामाला बाहेर पडतात. सुट्टीत पुण्याची प्रयोगशाळा मिळाली नाही तर तिलाही त्यांच्याबरोबर जावं लागणार होतं. अशी कामाला गेलेली तिची मोठी बहीण कॉलेजात परत आलेली नव्हती.

सुनंदाचा विषयही 'कशावरून'मधूनच निघाला होता. ती एकदा बोलता बोलता म्हणाली, "आमची आजी नागलीच्या कणगीत निरगुडीचा पाला घालते. मग किडे लागत नाय." मॅडमचे डोळे चमकले. पाल्यामुळेच लागत नाहीत, हे कशावरून? झालं, प्रयोग ठरला. काही बरण्यांत नागली, म्हणजे आपली नाचणी, आणि पाला, काही बरण्यांत नुसतीच नागली. सगळ्यांत मॅडमच्या कपाटातले धान्य पोखरणारे पोरकिडे सोडले. सुनंदा रोज वर्ग सुटल्यावर बरण्या बघायची. मॅडम तिच्या मागे उभ्या राहून तिच्याहून जास्त वाकून बघायच्या.

मेळ्याच्या आदल्या आठवड्यात सुनंदा पोस्टरवरचं मराठी तपासून घ्यायला माझ्याकडे आली. कागद हातात देईना.

"सर, पाल्याच्या बरणीत एक पण किडा जगला नाय."

"अरे वा! मग रडतेस कशाला?"

"बिनपाल्याच्या बरणीत पण नाय जगला."

मी मराठीचा माणूस. मला वाटलं, किडे मेले, बरं झालं. मग तिनेच समजावलं. पाला नसतानाही किडे मरतात, म्हणजे पाल्याने काय केलं ते कळतच नाही. तिच्या मैत्रिणींनी तोडगा सुचवला होता. दुसऱ्या बरण्यांचा उल्लेखच करायचा नाही. 'निरगुडीच्या पाल्यात सर्व किडे मेले' एवढंच लिहायचं. प्राचार्यांनाही बातमीसाठी तसंच काहीतरी हवं होतं.

"सर, त्यात खोटं तर काय नाय ना? मेलेच ना ते?"

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. मी तिला मॅडमकडे पाठवलं. जड प्रश्न शेजारच्या टेबलावर सरकवायची मला जुनी सवय आहे.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी चिमूटभर नागली तळहातावर घेतली आणि एक दाणा चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला. पोरकिडा दाण्याच्या आत अंडं घालतो, त्याची अळी आतला गर खाऊन वाढते. नागलीचा दाणा मोहरीएवढा. त्यात अळी मावणार कुठे? मॅडमनी एकदम कपाळावर हात मारला. "अगं, नागलीला हा किडा लागतच नाही! मी तुझ्या आजीला कशावरून विचारलं, पाल्याला विचारलं. पण नागलीला किडा लागतो हे कशावरून, ते स्वतःला विचारलंच नाही!"

आयुष्य किड्यांत घालवलेली बाई स्वतःचाच प्रश्न विसरली होती. मला हसू आवरेना. मॅडमही हसल्या. सुनंदा मात्र रडत होती.

"पुण्याचं गेलं ना मग माझं?"

मॅडमचं हसू थांबलं. "ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण सगळ्या बरण्या मांड. आणि खाली लिही, मार्गदर्शकाने प्रश्न चुकीचा विचारला. माझ्या नावासकट लिही."

मेळ्याच्या दिवशी हॉल गच्च भरला. एका पोराने यंत्रमानव आणला होता, तो पाहुण्यांना नमस्कार करत होता. द्राक्षाच्या पानाचा फोटो बघून रोग सांगणाऱ्या मोबाइलपुढे तर रांग होती. सुनंदाला जागा मिळाली पार टोकाला, हात धुवायच्या बेसिनशेजारी. तिच्याकडे लोक येत होते ते ओले हात झटकत. तिचं पोस्टर कुणी वाचत नव्हतं. ती बरण्या सरळ करत होती, पुन्हा पुन्हा.

दुपारी मॅडम पर्स खांद्याला लावून, जन्मात कधी भेट झाली नसल्यासारख्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "नमस्कार. हे काय आहे?"

सुनंदा गोंधळली. मग पुटपुटत सांगू लागली. मॅडमनी हॉलभर ऐकू जाईल असा आवाज लावला, "कशावरून?"

सुनंदाने उत्तर दिलं. पुन्हा "कशावरून?" सुनंदाचा आवाज चढला. भांडण लागलंय असं वाटून चार माणसं यंत्रमानवाला सोडून इकडे आली. भांडण बघायला आपल्याकडे माणूस कमी पडत नाही. त्या गर्दीतच पुण्याहून आलेल्या शास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांनी पोस्टरवरची शेवटची, मार्गदर्शकाच्या चुकीची ओळ वाचली, मॅडमकडे बघितलं, आणि सुनंदाला विचारलं, "दुसऱ्या बरण्या लपवाव्यात असं नाही वाटलं?"

"वाटलं होतं," सुनंदा म्हणाली.

"मग आता पुढे काय?"

"आता भात घेणार. भाताला आमच्याकडं लय किडे लागतात. आणि आजीला विचारलं, नागलीत पाला का घालते. ती म्हणे, माझी आई घालायची म्हणून."

बाई मोठ्याने हसल्या आणि पुढच्या पोस्टरकडे गेल्या. आमचा जीव टांगणीला लागला.

संध्याकाळी आम्ही खुर्च्या आवरत होतो. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही दरवर्षी बरोबर कुणी फिरकत नाही त्याच पोस्टरपुढे उभ्या राहता."

या वेळी 'कशावरून' आलं नाही. त्या म्हणाल्या, "मी शिकत होते तेव्हा माझंही एक पोस्टर होतं, सर. नवी साडी नेसून दिवसभर उभी होते. एकच माणूस आला. त्याने विचारलं, पाणी कुठे मिळेल. वाटत होतं, कुणीतरी कशावरून म्हणावं. एकदाच. माझं सगळं पाठ होतं हो."

इतकी वर्षं आम्ही ज्या शब्दाला वैतागत होतो, तो या बाई लोकांना भेट म्हणून देत होत्या. मी उगाचच खुर्च्या मोजायला लागलो.

सुनंदाची निवड झाल्याचं पुण्याहून कळलं तेव्हा मॅडम कॉरिडॉरमध्ये ओरडल्या, "हाई खरं शे!" प्राचार्य केबिनमधून बाहेर आले होते.

जूनमध्ये कॉलेज उघडलं, सुनंदाचं पुण्यातलं काम मात्र अजून थोडं उरलं होतं. मॅडम स्टाफरूममध्ये किडे या बरणीतून त्या बरणीत हलवत होत्या, तेवढ्यात सुनंदाचा पुण्याहून फोन आला. हात गुंतलेले, म्हणून त्यांनी मला स्पीकर लावायला सांगितलं. सुनंदाचा आवाज ओळखू येत नव्हता, इतका मोकळा झाला होता. तिथली यंत्रं, तिथल्या मुली, तिथलं जेवण, सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मॅडम, तुमची सुट्टी कशी गेली?"

"माझी? एकदम मजेत."

"कशावरून?"

मॅडमचा हात बरणीवर थांबला. चष्म्याआडचे डोळे एकदम पाण्याने भरले. त्या म्हणाल्या, "नाही गं. कॉलेज बंद असलं की घर खायला उठतं."

पलीकडून सुनंदा म्हणाली, "मग दिवाळीत आमच्याकडं या ना. नवा भात येतो तेव्हा. बरण्या तिथंच मांडू. आजी म्हणते, त्या बाईला घेऊन ये, ती आपलीच हाय."

मी मॅडमकडे बघत बसलो. प्रश्न आता येईल, मग येईल.

"येईन," मॅडम म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसू लागल्या.