आमच्या बालवाडीतले चांगले जिवाणू

साध्या उपायाइतका माणसाचा अपमान दुसरी कोणतीही गोष्ट करत नाही. रोग झाला तर तो चारचौघांत बसून सांगता येतो, लोक हळहळतात. पण त्यावरचा उपाय फुकट आणि घरच्या घरी करण्याजोगा निघाला, तर माणसाला तोंड दाखवायला जागा उरत नाही.

आमच्या बालवाडीच्या पालकांवर हा प्रसंग दातांच्या तपासणीच्या दिवशी आला. बालवाडी विजेच्या सामानाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, व्हरांडा आणि मुलांच्या छातीशी येईल असं बुटकं बेसिन. माझी पुतणी ढमी तिथे जाते. (खरं नाव वेगळं आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती वळून बघत नाही.) माझा भाऊ फिरतीच्या नोकरीवर आणि वहिनी कुरिअरच्या ऑफिसात, त्यामुळे पालकसभेची खुर्ची माझ्या वाट्याला आली. ती खुर्चीही मुलांच्याच मापाची होती.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळभर बॅटरी मारून सगळी तोंडं पाहिली आणि सभेत सांगितलं की निम्म्याहून अधिक मुलांच्या दाढा किडल्या आहेत. गोड कमी करा आणि रात्री झोपण्यापूर्वी मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने मुलाचे दात घासा.

आपण कामाला सुट्टी टाकून हे ऐकायला आलो, हे दुःख प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी विमा विकणाऱ्या एका वडिलांनी नम्रपणे विचारलं की ते ठीक आहे, पण त्याव्यतिरिक्त काही?

डॉक्टरीणबाई थकल्या होत्या. त्या म्हणाल्या, काही ठिकाणी लहान मुलांना चांगले जिवाणू घातलेलं प्रोबायोटिक दूध देऊन पाहिलंय, त्याचा थोडा फायदा दिसला, पण ते घासण्याच्या जोडीला. या वाक्यातला ‘पण’पर्यंतचा भाग सभेने ऐकला. उरलेला टाळ्यांत गेला.

त्याच बैठकीत दंतजिवाणू कल्याण समिती स्थापन झाली. बालवाडीच्या मोठ्या बाई अध्यक्ष, विमेवाले कार्यवाह आणि मी सदस्य. (मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो. सदस्य याच पद्धतीने निवडले जातात.)

पुढच्या आठवड्यात दूध आलं. मुलांनी ते तोंडात घेतलं आणि अत्यंत एकजुटीने बाहेर काढलं. दूध किंचित आंबट होतं. जिवाणू कितीही चांगले असले तरी ते मुलाच्या तोंडात गेल्याखेरीज आपला चांगुलपणा दाखवू शकत नाहीत, हे मोठ्या बाईंनी पहिल्यांदा ओळखलं आणि प्रत्येक पेल्यात एक चमचा साखर मंजूर केली. एका चमच्याने आंबटपणा जाईना, म्हणून दोन झाले. मग रंग पांढरा आहे अशी तक्रार आली, म्हणून गुलाबी सरबताचा पाक घातला. तरीही तळाशी घोटभर उरतच होतं, आणि कार्यवाहांच्या मते जास्त करून जिवाणू तळाशीच बसतात. सबब पेला रिकामा करणाऱ्या मुलाला एक चॉकलेट देण्याचं ठरलं. दातांच्या रक्षणासाठी मुलांना रोज चॉकलेट देणारी ही परिसरातली पहिलीच संस्था असावी.

दूधवाटपाचं काम बालवाडीच्या मावशींकडे होतं. त्या कडक बाई. चॉकलेट न घेता पळू पाहणाऱ्या मुलाला परत आणून त्या ते खायला लावत, कारण ठराव म्हणजे ठराव.

यानंतर टूथपेस्टचा प्रश्न आला. कार्यवाहांनी तो फार मुद्देसूद मांडला. टूथपेस्ट जंतू मारते, हे तिच्या डब्यावरच छापलेलं आहे. पण चांगला जंतू कोणता आणि वाईट कोणता, हे टूथपेस्टला कसं कळणार? दिवसा आपण पैसे मोजून जिवाणू आत वसवायचे आणि रात्री ब्रश घेऊन त्यांची घरं पाडायची, याला नियोजन म्हणत नाहीत. तेव्हा जिवाणू स्थिरस्थावर होईपर्यंत दात घासणं स्थगित करण्यात आलं. खळखळून चूळ भरण्यालाही बंदी आली, कारण त्यात ते वाहून जातील. या ठरावाला मुलांचा जो पाठिंबा मिळाला, तो आजवर कुठल्याच ठरावाला मिळाला नसेल. बुटक्या बेसिनवर फळी टाकून मोठ्या बाईंनी तिथे कुंड्या मांडल्या.

ढमी तेव्हा चार वर्षांची. तिची ख्याती बोलण्याबद्दल होती. सकाळी डोळा उघडताच ती आदल्या रात्री अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे सुरू करत असे. दूध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी ती गप्प राहायला लागली. बालवाडीच्या प्रगतिपुस्तकात ‘वर्तनात लक्षणीय सुधारणा’ असा शेरा आला. ती डावा गाल हातात धरून बसे. मावशी म्हणाल्या, विचार करायला लागलीय पोर.

घरी ती भात न चावता गिळू लागली, आणि मग तोही नको म्हणू लागली. वहिनीने मला विचारलं, मी समितीला विचारलं. समितीचं उत्तर समाधानकारक होतं. चांगले आणि वाईट जिवाणू समोरासमोर आले की थोडी धुमश्चक्री व्हायचीच, त्यामुळे ठणका लागणं हा औषध लागू पडल्याचा पुरावा आहे. ढमीला संध्याकाळचा एक जादा पेला मंजूर झाला. एवढ्या तातडीने मंजुरी मिळालेलं माझ्या पाहण्यातलं हे पहिलंच काम. वहिनीनेही तो पेला मन लावून पाजला. आई होती, काहीतरी करायला मिळाल्याचं तिला बरं वाटत होतं.

एका संध्याकाळी तोच पेला पुढे केल्यावर ढमीने तो घेतला नाही, ढकललाही नाही. बऱ्याच दिवसांनी पूर्ण वाक्य बोलली.

“आई, ते चांगले आहेत ना? मग मला चावतात का?”

वहिनीने पेला ओट्यावर ठेवला, ढमीला कडेवर घेतलं आणि चपला शोधत बसण्यात वेळ जातोय म्हणून माझ्याच चपला पायात सरकवून जिना उतरली. समितीची परवानगी घेतली नव्हती. मी तसं जिन्यावरून सांगितलं, पण ते तिला ऐकू गेलं नसावं. मग मीही मागोमाग गेलो, अनवाणी.

डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करत होत्या. त्यांनी दिवे परत लावले. ढमीच्या तोंडात पाहिलं आणि ती काय काय खाते ते विचारलं. वहिनीने क्रमाने सांगितलं: दूध, साखर, पाक, चॉकलेट, संध्याकाळचा पेला आणि घासणं बंद. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. पहिल्यांदाच ती हे सगळं एका दमात ऐकत होती.

“दुधात खोट नाही आणि जिवाणूंतही नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण तुम्ही त्यांच्यातल्या दोघा-तिघांना आत पाठवलंत, आणि आधीपासून आत बसलेल्या वाईटांना रोज पंगत घातलीत.”

दोन दाढा काढाव्या लागल्या. ढमी वहिनीच्या मांडीवर होती आणि तिने माझं बोट धरलं होतं. समितीचा सदस्य म्हणून मी तटस्थ राहायला हवं होतं. पण डोळ्यांत काहीतरी गेलं. दवाखान्यात धूळ फार.

तिसऱ्या दिवशी ढमी बोलायला लागली ती थांबेना. रोज रात्री वहिनी तिचं डोकं मांडीवर घेऊन दात घासते. तेवढा वेळ सोडला तर घरात कोणाला शांतता मिळत नाही.

समितीच्या वार्षिक अहवालात मात्र यश नजरेत भरण्याजोगं होतं. मुलांच्या तोंडातल्या किडलेल्या दातांची संख्या चाळीस टक्क्यांनी घटली. (काढून टाकलेले दात तोंडात नसल्यामुळे ते धरता येत नाहीत.) शिवाय ते दुधाचेच दात होते, तेव्हा दुधाच्या कामी आले, असं मोठ्या बाई भाषणात म्हणाल्या. मग लाभार्थी म्हणून ढमीला स्टेजवर बोलावून तिच्यापुढे माइक धरण्यात आला.

“मी आता रोज ब्रश करते,” ढमी म्हणाली. “दूध बंद केलं.”

मोठ्या बाईंनी माइक अलगद आपल्याकडे वळवला आणि म्हणाल्या, पाहिलंत, आमच्या दुधाने मुलांना ब्रशची गोडी लागते. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षासाठी दुधाची मागणी दुप्पट झाली.

आमच्या पालकांना हसू नये अशी माझी विनंती आहे. हे वाचताना तुमची जीभ एकदा तरी मागच्या दाढेवर फिरून आली. तिथे काय आहे आणि ते कधीपासून आहे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. त्यावरचा उपायही ठाऊक आहे. तरीही मनात आलेला पहिला प्रश्न कोणता, ते मी सांगू का? ते दूध मोठ्यांसाठी मिळतं का.

मिळतं. गुलाबी.