चहावरचा दाखला

आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क बाजीतात्या तहसीलच्या शिक्क्यापेक्षा चहाच्या कपावर जास्त विश्वास ठेवतात. बारामतीला मी नोकरीला लागलो तेव्हा मला ही चेष्टाच वाटली होती.

गरजू मुलांसाठी आमच्याकडे प्रवेशाच्या दोन-चार जागा राखून ठेवतात. तात्या ज्याच्या अर्जावर शेरा मारतील त्याला प्राचार्य जागा देतात. नुसता उत्पन्नाचा दाखला बघितला तर अख्खा तालुकाच गरजू! चारचाकीतून उतरणारे बापसुद्धा दाखल्यावर भूमिहीन असतात.

"कागुद खोटं बोलतंय, कप न्हाय," म्हणत तात्या ऐन धारांच्या वेळी, मला गाडीवर मागे बसवून, न कळवता घरी थडकतात. त्यांचं शास्त्र सोपं आहे. गरिबाघरचं दूध सगळं डेअरीला जातं, घरात कोरा चहा. चहा कोरा तर पोरगं आत. वडगाव निंबाळकरच्या एका बागायतदाराला याचा सुगावा लागला. त्याने मुद्दाम कोरा चहा पुढे केला, पण सवयीने वेलदोडा घातला. तात्यांनी त्याला वासावरच बाद केला.

यंदा शेवटची एक जागा उरली होती. सणसरच्या एका मुलीचा अर्ज होता. वडील नाहीत, आई दुसऱ्याच्या उसात खुरपायला जाते, असं तिनं लिहिलं होतं. गेलो, तर चहा आला चांगला दाट, सायीचा. तात्यांचा चेहराच उतरला.

"बरं हाय की तुमचं!" म्हणत ते उठले आणि गाडीपाशी येऊन अर्जावर फुली मारली. मला वाईट वाटलं, पण तात्यांपुढे माझं कोण ऐकतंय?

वेशीपाशी आल्यावर त्यांना टोपी विसरल्याचं ध्यानात आलं. परत गेलो. दारात मायलेकी कोरा चहा पीत बसल्या होत्या. शेजारीण आपला तांब्या न्यायला आली होती. "दूध उद्या दिलंस तरी चालंल गं," ती म्हणत होती.

तात्या टोपी न घेताच वळले. कॅनॉलवर त्यांनी गाडी थांबवली.

"आमच्या आईनं बी घर बघाया आलेल्या मास्तरासाठी असंच उसनं दूध आनलं व्हतं. माझी बोर्डिंगातली जागा गेली, दोन वर्सं ऊस तोडला मी. आईला कारन कधी सांगितलं न्हाय. ती आपली मरंस्तवर म्हनायची, च्यात साखर कमी पडली आसंल."

मग त्यांनी मला वाकायला लावलं, अर्ज माझ्या पाठीवर ठेवला, फुली खोडली आणि 'प्रवेश द्यावा' असं लिहिलं. पेन इतकं दाबून चालवलं की अक्षर न् अक्षर मला पाठीवर कळलं.