शंकरकाकांची कळशी

आमच्या शेजारच्या शंकरकाकांना शिरा द्यायचा तर हातात ताटली द्यायची सोय नाही. शिऱ्यासकट पालथी करतात! "कुणाचं नाव हाय ते बघू दे गो." महाडच्या भांड्यांच्या दुकानात जन्मभर छिन्नीने नावं घातली, त्यामुळे महाड-पोलादपुरातली निम्मी स्वयंपाकघरं त्यांना खालून पाठ. मशीनचं नाव दिसलं की तोंड वाकडं. "ह्याला नाव म्हणतात? मुंग्या चालल्यात नुसत्या!"

पुरानंतर तर हे वेड फारच वाढलं. इंदूकाकू आधीच गेल्या होत्या. लग्नात काकांनी स्वतः नाव घालून दिलेली त्यांची तांब्याची कळशी तेवढी उरली होती, तीही पुरात सावित्री नदीने नेली. तेव्हापासून काका कुणाच्याही मोरीत बेधडक घुसतात. लाज म्हणून नाही!

काकूंच्या माहेरगावी, सावित्रीच्याच खाडीच्या तोंडाशी, बुडालेल्या गलबतांचं संग्रहालय निघालं, म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांना घेऊन गेले. संग्रहालय म्हणजे दोन खोल्या आणि एक साहेब. प्रत्येक चिठ्ठीवर 'बहुधा'. बहुधा नांगर. बहुधा तोफगोळा. साहेब मात्र स्वतः त्या गलबतातून पोहत आल्यासारखे खात्रीने सांगत होते. कोपऱ्यात काचेआड एक हिरवी पडलेली कळशी होती. 'गलबतावरील. बहुधा अरबस्तानातली.'

काका थबकले. "पालथी करा."

"आजोबा, पुरातन वस्तू आहे. हात लावायचा नाही."

"गळ्याला पोचा हाय की नाय? माझ्याच हातून पडलेली, लग्नाच्या वर्षी."

पोचा होता. साहेबांनी मुकाट्याने काच सरकवली. काकांनी कळशी पालथी करून बुडावर अंगठा फिरवला. 'सौ. इंदू हिस.'

अरबस्तानात सौ. इंदू! मला हसू आवरेना. साहेबांना घाम फुटला. "घेऊन जा आजोबा, मी चिठ्ठी काढतो."

काकांनी कळशी होती तशी ठेवली आणि काच स्वतःच लावली. "नको. चिठ्ठी राहू दे."

मी वैतागलेच. "अहो काका, हिच्यापायी अख्ख्या गावाची भांडी पालथी घातलीत, आणि आता?"

"दर मे महिन्यात म्हणायची, माहेरी सोडा. ऐन लग्नसराईत दुकान कसं सोडणार? मी कधी आणली नाय गो तिला." काकांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "शेवटी नदीनेच आणली. राहू दे आता चार दिवस माहेरी."