गुरुबाबचा गाल

गुरुबाब गालाने ऐकतो. माझ्या लग्नात अक्षता पडत होत्या, तेव्हा हा गृहस्थ मांडवामागे आचाऱ्याच्या गॅसच्या नळीला गाल लावून गळती शोधत ओणवा बसला होता. आचारी खेकसला, तर म्हणतो, "वाऱ्याक फट दिसता, तुका दिसना."

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना आहे. मी खरेदी बघतो आणि पेडण्याचा गुरुबाब हवेच्या लाइनी. आमची यंत्रं हवेच्या दाबावर चालतात. ती हवा बारीक नळ्यांतून येते, आणि नळी यंत्राला जोडणारी बोटाएवढी फिटिंगं हा गुरुबाबचा जीव की प्राण.

त्याला फोंड्याच्या दुकानात नेणं म्हणजे शिक्षा. नळी फिटिंगमध्ये खुपसायची, एक टोक दुकानदाराच्या हातात द्यायचं आणि "ओड!" दोघे ओढतात, गिऱ्हाइकं भिंतीला चिकटतात. नळी सुटली की फिटिंग नापास. मी नुसता आकार सांगितला की उखडतो. "पयली सांग, नळी खंयसून वता? थंय पाणी आसा? थरथर आसा? मागीर फिटिंग माग." सोयरीक जुळवताना लोक इतकं विचारत नाहीत.

बरं, चुकतोही. एकदा अख्खी सकाळ गळती शोधली, ती हवा छताच्या पंख्याची निघाली. वरमला असेल? नाव नको. "पंखो कोणें लायलो?" म्हणून आम्हालाच झाडलं. एकदा तर पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, सायकलीचा जुना भोंपू मागून घरी नेला. कशाला म्हणून विचारलं, तर तो पिशवीत कोंबून चालू लागला.

मग नवे मॅनेजर स्वस्तातली प्लास्टिकची फिटिंगं घेऊन आले. ती बसवायची दाबयंत्राला. तिथे मुली हाताने पत्रा आत सरकवतात, वरचा जड ठोकळा हवेवर तोललेला असतो, हवा सुटली की तो खालीच, आणि रोज सगळं साबणाच्या पाण्याने धुतात. गुरुबाब नमुना म्हणून एक फिटिंग घरी घेऊन गेला. सकाळी आला तो "ना" म्हणतच.

"बसवा, नाहीतर कॉम्प्रेसरची किल्ली इथे ठेवा," मॅनेजर म्हणाले.

त्याने किल्ली अशी आपटली की साहेबांचा चहा बशीत सांडला. जेवणाचा डबा उचलला आणि चालता झाला.

आठवड्याने मॅनेजरांनी ती किल्ली देऊन मला पेडण्याला धाडलं. निरोप असा, की मुकाट्याने फिटिंगं बसवणार असलास तर ये.

गुरुबाब चुलीपाशी पेज ढवळत होता. एवढ्यात डोक्यावर भोंपू वाजला. मी दाराकडे बघितलं.

"पोदेर न्हय रे. सुमती."

त्याच्या बायकोला, सुमतीवहिनींना, अर्धांगवायू झाला, वाचा गेली, एवढं मला ठाऊक होतं. त्यांच्या खाटेपासून भिंतीवरून एक नळी स्वयंपाकघरात आली होती, सांध्या-सांध्याला पितळेची फिटिंगं. त्या टोकाला त्यांच्या हाताखाली भोंपूचा रबरी गोळा, या टोकाला पोंगा.

"हाताक जोर ना तिच्या," तो म्हणाला. "थोडो वारो सुटलो जाल्यार भोंपू वाजना." मग फळीवरून मॅनेजरांचं फिटिंग काढून माझ्यापुढे धरलं. "हें लावन पळयलें. हांव भायर नारळ सोलतालों. ती गोळो दामीत रावली, दामीत रावली, भोंपू वाजलोच ना. हांव भितर आयलों तेन्ना रडताली." त्याने पेजेचं भांडं चुलीवरून उतरवलं. "थंय दाबयंत्रांत चलयो हात घालतात. हें हांव थंय लायतलों? मेलों तरी ना."

भोंपू पुन्हा वाजला. "आयलों गे," म्हणत तो आत गेला. उघड्या दारातून मला दिसलं, त्याने खाटेशी बसून वहिनींच्या तळहाताला गाल लावला आणि डोळे मिटून तसाच राहिला. किल्ली मी खिशातच ठेवली. निरोप मी सांगितलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पितळेच्या फिटिंगची ऑर्डर लिहून मॅनेजरांपुढे सहीला ठेवली. तिच्यावर गुरुबाबची किल्ली ठेवली, आणि शेजारी माझ्या स्टोअरचीही.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"सही करा," मी म्हटलं, "नाहीतर दोन्ही ठेवून घ्या." आणि खुर्ची ओढून समोर बसलो.