गंजाचे राज्य आणि लाखेचा पाळणा

श्री वास्तुपुरुष प्रसन्न असोत. भिंतीस गिलावा असो, छतास कडी असो, निजणारास निज असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते ऐकणारांनी चित्त देऊन ऐकावे. राज्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, ऐसी राज्ये हल्ली गल्लोगल्ली जाहली आहेत. तेथे पुष्करराव राजे मिठाई-फरसाणाची गादी चालवीत, खाली दुकान आणि वर महाल, ऐसा सुटसुटीत कारभार होता. राजे मनाने वाईट नव्हते, परंतु दुसऱ्याच्या घरी जे पाहिले ते आपल्या घरी नाही, हे दुःख त्यांस सोसत नसे. राणीसाहेब मंजुषाबाई बाळंतपणास माहेरी गेल्या आणि इकडे राजांस मोकळे रान मिळाले.

ते ऐसे जाहले जे, राजे कामानिमित्त शेजारच्या राज्यात गेले आणि तेथे एका कॉफीच्या दिवाणखान्यात बसले. पाहतात तो भिंतीस गिलावा नाही, विटा उघड्या, नळ डोक्यावरून धावताहेत, वायरी लोंबताहेत, आणि बसावयास गिरणीतल्या ऐशा लोखंडी तिवया. राजांस प्रथम वाटले, मालक बुडाला असावा आणि बांधकाम अर्धे राहिले असावे, म्हणोन मनी कणव आली. मग कॉफीचा भाव पाहिला, तेव्हा कणव गेली आणि आदर उत्पन्न जाहला. राजांनी विचारपूस केली, तो कळो आले की ही गरिबी नव्हे, ही शैली आहे, हिला व्हिंटेज इंडस्ट्रियल म्हणतात, आणि हिचे कर्ते निनादपंत नामे सजावटनवीस होत. मग राजांनी निनादपंतांस पाचारण केले. पंत आले. डोईवर केसांचा बुचडा, विजार घोट्यावर, पायी मोजे नाहीत, आणि मुद्रा ऐसी की जणू सगळे जग चुकीच्या रंगात रंगविले आहे आणि ते पंतांस एकट्यांस दिसते. पंतांनी महाल पाहिला आणि निःश्वास टाकून बोलिले की, "राजे, घर चांगले आहे, पण फार राहतं वाटतं." राजे ओशाळले आणि म्हणाले, चुकलेच.

मग कामास हात लागला. आधी गिलावा फोडिला. आत विटा निघतील म्हणोन पंत उभे होते, तो निघाले सिमेंटचे ठोकळे, मग विटांसारख्या दिसणाऱ्या पातळ फरश्या बाजारातून आणून त्यावर डकविल्या आणि फुटक्या दिसाव्या म्हणोन कोपरे हातोडीने फोडिले. ज्या नळांतून पाणी येत होते ते भिंतीत लपविले, आणि ज्यांतून काहीच येत नव्हते ते छताखालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मिरविले. लोखंडी कपाटास गंज नव्हता, म्हणोन ब्रशाने गंज लाविला, आणि तो गंज गंजू नये म्हणोन वरून वार्निश दिले. दिवे ऐसे टांगले की आतली तार दिसावी, आणि तारेखेरीज काही दिसू नये. स्वयंपाकघरात तांदूळ निवडणारीस खडा कोणता आणि दाणा कोणता हे देवाने सांगावे लागे. भिंतीशी एक शिडी उभी केली, तिजवर कुंड्या ठेविल्या आणि ती खिळ्यांनी भिंतीस ठोकून टाकिली. वरवंटा होता तो दार वाऱ्याने आपटू नये म्हणोन दाराशी ठेविला आणि पाटा माळ्यावर गेला. राणीसाहेबांच्या थोरल्या पत्र्याच्या ट्रंकेस मधोमध बसवून तिचे मेज केले. राजांची दुकानावरही हीच कृपा जाहली. काचेची कपाटे गेली, पोपडे सुटलेल्या भिंती आल्या, आणि गिऱ्हाइके दारात येऊन आत डोकावत आणि काम कधी पुरे होणार ऐसे विचारून समोरच्या दुकानी शेव घेत. राजे म्हणत, त्यांस दृष्टी नाही.

इतक्यात राणीसाहेबांचे पिताजींनी पाळणा धाडिला. पहिल्या लेकराचा पाळणा माहेरचा, ऐसी त्या घरची रीत. आणि हा पाळणा नवा नव्हता, यातच राणीसाहेब स्वतः निजल्या होत्या. खरादावर काढलेले खांब, त्यांवर लाखेचा लाल-पिवळा रंग, कठड्यावर हिरव्या पोपटांची रांग, ऐसा तो देखणा पाळणा. पिताजींनी तो पुसून, साखळ्यांस तेल देऊन, गोधडीत गुंडाळून पाठविला. निनादपंतांनी गोधडी उलगडली आणि पाहून खेद केला.

लेक जन्मोन सव्वा महिना सरला आणि राणीसाहेब लेकीस घेऊन परतल्या. लेक म्हणजे मूठभर जीव, अंगास वेखंडाचा आणि दुधाचा वास, झोपेत ओठ हलवी आणि खाली ठेविली की जागी होई. प्रवासाने हात भरून आलेले, म्हणोन उंबरा ओलांडताच राणीसाहेबांनी पहिला विचार केला की हिला कोठे ठेवावे. पलंग पाहिला तो खोक्यांच्या फळ्यांचा, फटीत बोट जाईल ऐसा. कोच पाहिला तो तेलाचे पिंप चिरून केलेला, कड धारेची. खाली निजवावी तर जमीन मुद्दाम खडबडीत केलेली. तेव्हा राणीसाहेबांनी विचारिले की, पाळणा आला ना. राजांनी वर पाहिले. राणीसाहेबांनीही वर पाहिले.

जेवणाच्या मेजावर, छतास, पाळणा टांगला होता. आत मूल नव्हते, दिवे होते. लाखेचा रंग खरवडून काढिला होता आणि लाकूड उघडे, कुष्ठ जाहल्यासारखे दिसत होते. भिंतीवर कारखान्यात असतो तैसा जाळीचा पंखा घरघरत होता आणि त्याचे वाऱ्याने तो रिकामा पाळणा हलत होता. रिकामा पाळणा हलवू नये, हे ज्या बाईने आयुष्यात काहीही मानिले नाही तीही मानते. राणीसाहेबांनी लेकीस छातीशी घट्ट धरिले आणि आधी पंखा बंद केला, मग बोलिल्या. पंत तेथेच होते, मेजावरची धूळ नीट बसवीत होते. राणीसाहेबांनी विचारिले की, रंग कोणी काढिला. पंत बोलिले, "मीच काढला वहिनी. तो जुना वाटत नव्हता."

"तो माझ्याहून जुना आहे," राणीसाहेब बोलिल्या. "अजून किती जुना हवा होता?"

पंत हसले, जैसे लहान लेकराच्या बोलण्यास हसावे तैसे, आणि म्हणाले की जुने असणे निराळे आणि जुने दिसणे निराळे. आता तो पाळणा राहिला नाही, तो डेकोरेशनचा पीस जाहला आहे, आणि बारशाचे दिवशीच एका मासिकाचे छायाचित्रकार महाल टिपावयास येणार, ते खास या पीससाठी. राजे मध्ये पडून म्हणाले की बारशापुरता भाड्याचा पाळणा आणवू, स्टीलचा, हलका, हे लोक फोटो काढून गेले की मग काय ते बघू. राणीसाहेब म्हणाल्या, माझी लेक माझ्या पाळण्यात निजेल, नाही तर बारसे होणार नाही, आणि आत निघून गेल्या. त्या दिवसापासोन बारशापर्यंत लेक निजली ती आईच्या हातावर. राणीसाहेब एका हाताने जेवीत, एका हाताने वेणी घालीत, भिंतीस टेकून बसत तो विटांचे फोडलेले कोपरे पाठीस रुतत. राजे येता-जाता हे पाहत आणि वर दिव्यांकडेही पाहत, आणि दोन्हीकडे पाहून त्यांचा निर्णय होत नसे.

मग बारशाचा दिवस आला. गल्लीतल्या बायका आल्या, माहेरची मंडळी आली, छायाचित्रकार आले, आणि राजांच्या थोरल्या भगिनी इरावतीबाई आल्या, कारण नाव ठेवावयाचा मान आत्याचा. या इरावतीबाई तोंडाने फटकळ, राजांस लहानपणी यांनीच न्हाऊ घातलेले. आत येऊन भिंतीकडे पाहिले आणि भावास म्हणाल्या की, पुष्करा, पैसे कमी पडले होते तर मला सांगायचेस. बायका बसावयास जागा पाहू लागल्या. एक थोराड बाई लोखंडी तिवईवर बसल्या तो तिवई फिरली आणि बाईंचे तोंड भिंतीकडे जाहले, आणि पंत धावत आले ते बाईंस सावरावयास नव्हे, तिवई सावरावयास. लेक इतकी गर्दी पाहून रडू लागली. इरावतीबाईंनी पाळणा कोठे म्हणोन विचारिले आणि सगळ्यांनी वर बोट केले.

इरावतीबाईंनीही मान वर केली. मग शांतपणे बोलिल्या, "पुष्करा, तुझ्या लेकीला काय दिव्यावर निजवू?"

बायका तोंडास पदर लावून हसल्या. छायाचित्रकारही हसला. राजांचे कान लाल जाहले आणि त्यांनी हुकूम सोडिला की पाळणा खाली घ्या. शिडी आणा म्हणताच दोघे शिडीस लागले, तो शिडी हलेना, कारण ती भिंतीस ठोकलेली. महालात उभी शिडी असोन शेजाऱ्यांची शिडी मागून आणावी लागली. पंत हात जोडून म्हणत होते की काँपोझिशन बिघडेल, पण त्यांचे कोणी ऐकिले नाही. पाळणा खाली आला आणि राणीसाहेबांनी आत हात घालून पाहिले. वायरी घालण्यासाठी तळाच्या फळ्यांस जागोजाग भोके पाडिली होती, आणि मधली एक फळी दिवा नीट दिसावा म्हणोन काढूनच टाकिली होती. त्या पाळण्यात लेक सोडा, नारळही राहता ना. लेक रडतच होती. राजे फळीच्या जागी बोटे फिरवीत उभे राहिले आणि त्यांस प्रथमच कळो आले की जे गेले ते परत टांगता येत नाही.

सर्वांस वाटले, आता राणीसाहेब रडतील. राणीसाहेब रडल्या नाहीत. त्यांनी वर पाहिले आणि पंतांस विचारिले, "हा छताखालचा नळ कशाचा?"

पंत बोलिले, "कशाचाच नाही वहिनी. दिसण्यासाठी आहे."

"वजन धरेल का?"

पंतांस हा प्रश्न कौतुकाचा वाटला. ते छाती काढून म्हणाले की अस्सल बंद गिरणीतले लोखंड आहे, आरपार बोल्ट मारले आहेत, हत्ती बांधा. राणीसाहेब म्हणाल्या, हत्ती नाही. मग लेकीस इरावतीबाईंचे हाती दिले आणि ट्रंकेपाशी आल्या. ट्रंकेवर मासिके होती, दिवा होता, दुर्बीण होती, ते सगळे उचलून खाली ठेविले आणि झाकण उघडिले. पंत चकित जाहले, कारण ही ट्रंक उघडते हे त्यांस ठाऊक नव्हते. आत राणीसाहेबांच्या आईचे सुती नऊवारी लुगडे होते, धुऊन धुऊन साय जाहलेले. शेजाऱ्यांची शिडी अजून तेथेच होती, राणीसाहेबांनी ओचा खोचिला, दोन पायऱ्या चढल्या आणि लुगडे नळावरून टाकून झोळी बांधिली, गाठीवर गाठ दिली, आणि खाली येऊन आधी दोन्ही हातांनी आणि मग सगळ्या अंगभाराने लोंबकळून पाहिले. नळ हूं म्हणाला नाही. मग इरावतीबाईंनी दाराशी जाऊन वरवंटा उचलिला, पंतांस म्हणाल्या की दार आता तुम्ही धरा, आणि वरवंट्यास कुंची घालून तो आधी झोळीत ठेविला, आणि बायकांनी देवाची नावे घेत तो खालून-वरून दिला-घेतला, आणि मग लेकीस आत निजविले. लुगड्याने तिला सगळीकडून धरिले. तिने एकदा हुंदका दिला, मूठ तोंडाशी नेली आणि निजली. राणीसाहेबांचे हात इतक्या दिवसांनी मोकळे जाहले, आणि मोकळे हात कोठे ठेवावे हे त्यांस काही वेळ कळेना.

मग राणीसाहेब आत्याबाईंच्या कानात काही बोलिल्या आणि आत्याबाईंनी लेकीच्या कानात कुर्र केले आणि नाव सांगितले, नूतन. राजांनी चुळबुळ करून म्हटले की आपले काही निराळे ठरले होते. राणीसाहेब बोलिल्या, "या घरात एकच गोष्ट नवी आहे. ती नवीच राहू दे. तिला खरवडायला कोणाला देणार नाही." राजांनी मान खाली घातली, आणि मग जमिनीवर बैठक मारून झोळीस दोरी बांधून ती हाती घेतली, आणि संध्याकाळपर्यंत सोडिली नाही. पंत तेवढे प्रसन्न जाहले. ते छायाचित्रकारास कोपऱ्यात घेऊन म्हणाले की नाव अगदी व्हिंटेज आहे, आणि झोळीकडे हात करून म्हणाले, ही माझी मूळ कल्पना, कापड आणि लोखंड यांचा संवाद. छायाचित्रकाराने झोळी टिपली.

ते चित्र छापून आले आणि फाल्गुनात राज्याराज्यांत झोळ्या लागल्या. कॉफीच्या दिवाणखान्यात लागल्या, केस कापणाराकडे लागल्या, एका दंतवैद्याने दोन लाविल्या. लुगडी नवी आणून चहात बुडवून जुनी केली. एके दिवशी शेजारच्या राज्याच्या वहिनीसाहेब महाल पाहावयास आल्या, झोळीभोवती फिरल्या, कापड चिमटीत धरून पाहिले आणि म्हणाल्या की, आम्हीही लाविली, पण ती नुसती लोंबते, हिच्यासारखा भरीव आकार येत नाही, तुम्ही आत काय घालता.

राणीसाहेब म्हणाल्या, "मूल."

वहिनीसाहेबांनी ते ध्यानात ठेविले आणि पंतांस विचारीन म्हणाल्या.

लाखेचा पाळणा सुताराकडे गेला, तळास नवी फळी बसली, भोकांत खुंट्या भरिल्या. रंग राणीसाहेबांनी दिला नाही. कठड्यावरच्या एका पोपटाच्या पंखाखाली कानस पोहोचली नव्हती, तेथे नखाएवढा हिरवा रंग उरला होता. नूतन बसती जाहली तेव्हा पाळण्यात बसून नेमके तेथेच बोट लावी. येणेप्रमाणे त्या राज्यात पुष्कळ नळ, पुष्कळ विटा आणि पुष्कळ गंज असोन कामास आला तो एक नळ, एक लुगडे आणि एक ट्रंक. बाकी सर्व अद्याप जागेवर असोन उत्तम दिसत आहे. हे वर्तमान घडले तैसे लिहिले. लेक जागी जाहली, सबब लेखणी येथे ठेविली.