बॅटरीची पंगत

केळझरच्या हरिदासला भीड फार. आणि भीड भिकेची बहीण, हे त्याला कोण सांगणार? लग्नात भोंगा लावणं हा त्याचा धंदा. २००६ साली लोडशेडिंगनं गावात दिवसभर वीज नसे, म्हणून त्यानं भोंग्याच्या बॅटरीला वायरी जोडून मोबाइल चार्ज करायची सोय केली. झालं! सारं गाव त्याच्या ओसरीवर लोटलं.

त्या सोमवारी मात्र घरचे सगळेच एका फोनची वाट पाहत होते. पोरगी सरिता नर्सिंगच्या वेटिंग लिस्टमध्ये पहिली होती. दुसरी होती प्रभाकरराव किराणावाल्यांची रक्षा. जागा एकच, बारापर्यंत फोन येणार, अन् उचलला नाही तर पुढचं नाव. हरिदासच्या मोबाइलवर चार्जची एकच दांडी उरलेली.

"आपला फोन आधी लावा ना," बायको कांता म्हणाली.

"अवं, दारात चार लोक उभे हायेत. पंगतीत घरचा माणूस आधी बसते का?"

"ही पंगत हाय का?"

तेवढ्यात प्रभाकरराव आलेच. "हरिदास, माया फोन पयले घे बाप्पा. दुकान उघडं टाकून आलो."

हरिदासनं शेजारच्या शोभाबाईचा चार्जिंगला लावलेला फोन काढून त्यांचा लावला. कांतानं कपाळावर हात मारला.

साडेअकराला पाहुणे पांगले. हरिदासनं आपला फोन लावला, तर बॅटरी ढिम्म! आदल्या रात्री लग्नात वाजून ती आधीच अर्धमेली होती, उरलासुरला जीव गावानं पिऊन टाकला होता. बघता बघता त्याचा मोबाइलही बंद पडला.

हरिदास वेड्यासारखा वायरी चोळत बसला. आपलं सिम दुसऱ्याच्या फोनात टाकावं, ही अक्कल त्याला सव्वाबाराला सुचली. तो सिम मुठीत धरून किराणा दुकानाकडे पळत सुटला.

प्रभाकरराव फोनवर बोलत होते, "हो साहेब, रक्षाचाच बाप बोलून राह्यलो. उद्याच येतो पैसे भराले!" फोन ठेवून त्यांनी हरिदासला मिठीच मारली. "पयल्या नंबरवालीचा फोन बंद होता म्हणे. अन् माया फोन तुह्या बॅटरीनं चालू! उपकार झाले रे!" ती पहिली नंबरवाली कोण, हे त्यांना ठाऊक नसावं, किंवा असावंही. त्यांनी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. हरिदास "अभिनंदन" म्हणाला. भीड!

घरी सरिता कागदांची पिशवी मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. तिनं बापाचा चेहरा पाहिला, मग तो गूळ पाहिला.

"बाबा," ती म्हणाली, "आता पंगतीत कोणी वाढाचं राह्यलं नाई ना?"