सासऱ्यांच्या पायावर पांढरा रस्सा

तळहातावर मावेल एवढासा स्टोव्ह घ्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापायी सासुरवाडीच्या, गारगोटीच्या अख्ख्या भावकीसमोर मान खाली घालावी लागेल, असं त्या जाहिरातीत कुठंही लिहिलेलं नव्हतं.

मोबाईलवर एक गडी बघितला. बर्फाच्या डोंगरावर बसून खिशातनं स्टोव्ह काढतो, गॅसच्या छोट्या डब्यावर फिरवून बसवतो, त्याचे तीन इवलेसे पाय उघडतो आणि मगात नूडल्स शिजवून खातो. मी खुळावलो. (मी कुठल्या डोंगरावर जातो? आमचं विम्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, तिथं चढतानासुद्धा मी मधे एकदा टेकतो.) सवलतीत मिळते म्हणून त्याच्यासोबत एक ट्रेकिंगची पँटही मागवली. ती कमरेला बसली. म्हणजे श्वास न घेता बसली.

"हे कुठं पेटवणार तुम्ही?" आमच्या वर्षाराणीनं विचारलं.

"तुझ्या माहेरच्या रस्सा मंडळात!" मी बोलून गेलो.

रस्सा मंडळ म्हणजे वर्षातनं एकदा सगळ्या भावकीनं शेतात जमायचं, तिथंच चूल मांडायची, मटण शिजवायचं आणि झाडाखाली पंगत बसवायची. यंदा मला तिथं इज्जत कमवायची होती. कारण माझे सासरे गणपतराव, म्हणजे माझे मामा आणि वर्षाराणीचे आबा, मला 'जावयबापू' म्हणत नाहीत. 'पावणं' म्हणतात. रस्ता विचारायला आलेल्या परक्या माणसालाही ते पावणंच म्हणतात. मेव्हण्याच्या, म्हणजे सयाजीच्या लग्नात सगळे त्यांच्या पाया पडले आणि मी नुसते हात जोडले, तेव्हापासून हे सुरू आहे. "जावई लई ताठ हाय," असं ते तेव्हा मांडवात मोठ्यानं म्हणाले होते.

खरं कारण वेगळं होतं. मी घट्ट जोधपुरी घातला होता. वाकलो असतो तर विजारीची मागची शिवण गेली असती. पण हे सासऱ्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

"ह्या खेपेला आबा दिसले की आधी पाया पडायचं," वर्षाराणीनं बजावलं. "हातात काही का असंना!"

शेतावर पोचल्यावर मी जाहीर केलं, "पांढरा रस्सा माझ्याकडं!" मामांना डॉक्टरनं तिखट बंद केलंय. तांबडा त्यांना चालत नाही, त्यांच्या वाट्याला पांढराच. म्हटलं, जावयाच्या हातचा रस्सा पोटात गेला की राग जाईल.

सयाजी म्हणाला, "दाजी, तीन धोंडं लावून देतो की. त्यावर ठेवा निवांत."

"धोंडे? अरे, जग कुठं चाललंय!"

मी स्टोव्ह मांडला. वर्षाराणीनं घरातलं पितळी पातेलं आणलं. पातेल्याचं बूड परातीएवढं आणि स्टोव्हचे पाय माझ्या करंगळीएवढे. मटणाचं अळणी पाणी फोडींसकट ओतलं, नारळाचं दूध ओतलं, आणि पातेलं डुलायला लागलं. डब्याखाली चपटा दगड ठेवला, तर उजवीकडं डुललं. दगड काढला, तर डावीकडं. मग झाकणावर मोबाईल ठेवून पातळी मोजायचं ॲप लावलं. ॲप म्हणालं, एकदम सपाट! मी विजयानं सगळ्यांकडं बघितलं आणि मोबाईल घसरून मातीत पडला.

शेवटी डाव्या हातानं सांडशी लावून पातेलं धरलं आणि उजव्या हातानं पळी फिरवत बसलो, कारण पांढरा रस्सा ढवळला नाही तर फुटतो. वारा सुटला होता. जाळ पातेलं सोडून शेजारच्या बांधाला शेकत होता. सयाजीच्या तीन धोंड्यांवर तांबडा रटरटा उकळून तयार झाला, त्याला तर्री आली, तो उतरून माझ्या मागं पंगतीजवळ नेऊन ठेवला. माझा रस्सा नुसता हलत होता.

"आबा आलं!" वर्षाराणी ओरडली.

मामा थेट माझ्यापुढं येऊन उभे राहिले. पायात नवं कोरं कोल्हापुरी कापशी पायताण. "काय पावणं, काय चाललंय?"

मी वर बघितलं. माझ्या एका हातात सांडशी, दुसऱ्यात पळी. पलीकडनं वर्षाराणी डोळे वटारून त्यांच्या पायांकडं खुणावत होती. पातेलं धरू की पाय धरू? सयाजीला हाक मारावी, तर तो पाणी आणायला विहिरीवर गेलेला.

मी पाय धरले.

पातेलं आधी माझ्याकडं कललं, मग पलटलं, आणि सगळा पांढरा रस्सा मामांच्या पायताणावर! माझा जीव गेला.

"मामा! भाजलं का हो?"

"भाजायला आदी तापाय पायजे की!"

सगळी भावकी हसायला लागली. मला वाटलं, त्या विहिरीत सयाजीची बादली व्हावं. मामांनी पायाकडं बघितलं, बोटातली एक मटणाची फोड काढली आणि म्हणाले, "लग्नात मी तुमचं पाय दुधानं धुतलतं. आज फेडलासा, पावणं."

पंगत बसली. सगळ्यांच्या ताटात तांबडा, आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या मामांच्या ताटात दही-भाकरी. मामा सगळ्यांना सांगत होते, "ताठ माणूस. वाकाय गेला आन सगळा नास केला."

वर्षाराणीला राहवलं नाही. "आबा, ताठ न्हाईत हो ते! सयाजीच्या लग्नात वाकले असते तर इजार फाटली असती. म्हणून न्हाईत पडले पाया."

भाकरी मोडणारे सगळे हात थांबले. (बाईनं नवऱ्याची बाजू घ्यावी, पण ती एवढी?) मामांना हसता हसता ठसका लागला. डोळे पुसत म्हणाले, "अवो, मग सांगायचं न्हाय व्हय? आन मी उगंच मनात धरून बसलो की वो, जावयबापू!"

जावयबापू! मी ताटावरनं उठलो, मामांपुढं गेलो आणि खाली वाकायला लागलो.

"दाजी, मागं पातेलं!" सयाजी किंचाळला. माझी पाठ थेट तांबड्या रश्श्याच्या पातेल्यावर निघाली होती. मी आहे तिथं अर्धा वाकून थांबलो. आणि तेवढ्यात माझ्या ट्रेकिंगच्या पँटीची मागची शिवण टर्र करून गेली.

मामांनी दह्याचा घास सावकाश गिळला.

"पडा आता पाया बिनघोर, जावयबापू," ते म्हणाले. "फाटायचं काय ऱ्हायलंय?"